अर्धा एसी घरी येतो

एसी घ्यायला निघालेलं कुटुंब दुकानात तास-दीड तास सहज घालवतं. एक टन की दीड टन, तीन स्टार की पाच, कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, हप्त्यावर व्याज किती, जुना दिला तर किती वजा होणार, असा एकेक प्रश्न खोदून खोदून विचारला जातो. पाचशे रुपयांसाठी घासाघीस होते. मग खोकी घरी येतात आणि एका दुपारी मोटारसायकलवरून दोन तरुण येतात. एकाच्या खांद्यावर तांब्याच्या पाइपचं वेटोळं, दुसऱ्याच्या हातात ड्रिल मशीन आणि अवजारांची पिशवी. त्यांना पाणी दिलं जातं, ‘भिंत जास्त फोडू नका’ असं बजावलं जातं आणि घरातली माणसं आपापल्या कामाला लागतात. दीड तासाने गार वारा लागला की काम झालं.

त्या दीड तासात काय घडलं, हे बहुतेक घरांत कोणी पाहत नाही. पण एसी दहा वर्षं टिकणार की तिसऱ्या उन्हाळ्यात रडायला लागणार, विजेचं बिल किती येणार, गॅस नळीत राहणार की हवेत जाणार, यातलं बरंचसं तिथेच ठरतं. आणि हे सगळं ज्याच्या हातात असतं, त्याच्याकडे परवाना आहे का, असं आपल्याकडे कोणी विचारत नाही. विचारलं पाहिजे. एसी बसवणाऱ्या कारागिराला परवाना, पुरेसा वेळ आणि रास्त मोबदला या तिन्ही गोष्टी बंधनकारक करण्याची वेळ आता आली आहे.

खिडकीच्या एसीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. तो आवाज करायचा, खिडकी अडवायचा, पण यंत्र म्हणून पूर्ण होता. कॉम्प्रेसर, आतली कॉइल, बाहेरची कॉइल आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या कारखान्यातच झाळून कायमच्या बंद केलेल्या असत. घरी करायचं काय, तर चौकट ठोकायची आणि चार जणांनी उचलून खोका आत सरकवायचा. स्प्लिट एसीने आवाज घराबाहेर नेला, खिडकी मोकळी केली. पण त्यासाठी ते बंद वर्तुळ मधोमध तोडावं लागलं. इनडोअर युनिट वेगळं, आउटडोअर वेगळं. गॅस आउटडोअरमध्ये भरून व्हॉल्व्हमागे कोंडलेला, आणि दोघांना जोडणारे दोन तांब्याचे पाइप रिकामे. आत दोन आणि बाहेर दोन असे चार सांधे घरी जुळतात, तेव्हा कुठे ते यंत्र पुरं होतं.

म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतो तो अर्धा एसी. उरलेला अर्धा तयार होतो आपल्या भिंतीवर. कारखान्यात प्रत्येक सांधा तपासायला यंत्रं असतात, धूळ येऊ नये म्हणून काळजी घेतलेली असते, पर्यवेक्षक असतो. भिंतीवरच्या कारखान्यात एक शिडी असते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन वाजत असतो.

त्या चार सांध्यांकडे जरा जवळून पाहायला हवं. पाइप कापायचा तो कटरने; करवतीने कापला तर तांब्याचा कीस आत पडतो आणि फिरत फिरत कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. कापल्यावर कडेला आतल्या बाजूने धार राहते, ती रीमरने काढायची. तीही पाइपचं तोंड जमिनीकडे धरून, म्हणजे कीस खाली गळतो. मग आधी नट पाइपवर चढवायचा आणि नंतर पाइपचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं फुलवायचं. यालाच कारागीर फ्लेअर म्हणतात. या फुलाची कड सगळीकडून सारखी हवी, तिच्यावर ओरखडा नको, बारीकशी चीरही नको. मग ते तोंड युनिटच्या तोंडावर बसवून नट आवळायचा. इथे रबराचा वायसर नाही, डिंक नाही. तांबं पितळेवर दाबून बसतं, एवढाच काय तो आधार.

नट किती आवळायचा याचंही माप ठरलेलं आहे. पाव इंची पाइपच्या नटाला साधारण १५ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीच्या नटाला ५० ते ५५. कंपन्यांच्या पुस्तिकांत हे आकडे छापलेले असतात आणि तेवढा जोर झाला की ‘कट्’ असा आवाज करणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. पण आपल्या घरी येणाऱ्या पिशवीत तो क्वचितच असतो. असतो तो साधा स्क्रू पाना आणि ‘हाताला अंदाज आहे’ हा भरवसा. अनुभवी हाताला अंदाज असतो, हे खरं आहे. पण दिवसभरात चार घरं करून आलेल्या, घामाने निसटणाऱ्या, शिडीवरून तिरक्या पोहोचणाऱ्या हाताचा अंदाज सकाळच्या हातासारखा राहत नाही. नट सैल राहिला तर गॅस लगेच गळतो. जास्त आवळला तर तांब्याचं फूल चिरडून पातळ होतं आणि काही महिन्यांच्या थरथरीनंतर तडकतं. हा दुसरा दोष वाईट, कारण तो कारागीर निघून गेल्यावर बऱ्याच काळाने उघड होतो.

हे सांधे किती ताण झेलतात, याची कल्पना यावी म्हणून एक तुलना. कारच्या चाकात ३० ते ३२ पीएसआय दाबाची हवा असते. आज बहुतेक घरगुती एसींत असलेला आर-३२ हा वायू ३५ अंश तापमानात, एसी बंद असतानाही, ३०० पीएसआयच्या आसपास दाबाने उभा असतो. मे महिन्याच्या उन्हात एसी चालू झाला की बाहेरच्या कॉइलमधला दाब ४०० च्या वर जातो. आपल्या जुन्या कारागिरांचा हात जुन्या एसींतल्या ज्या आर-२२ वायूवर बसला, त्यापेक्षा हा दाब दीडपटीहून अधिक आहे. गॅस बदलला, दाब बदलला. अनेक पिशव्यांतली अवजारं मात्र तीच राहिली.

आता व्हॅक्युम. चार सांधे जुळले तरी पाइपमध्ये आणि आतल्या कॉइलमध्ये हवा असते, आणि हवेत बाष्प. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या हवेत तर ते भरपूर. ही हवा काढून टाकल्याशिवाय आउटडोअरमधला गॅस सोडायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. त्यासाठी व्हॅक्युम पंप लागतो. पंप लावून आतला दाब इतका उतरवायचा की पाणी थंड असतानाच उकळून वाफ होऊन बाहेर पडावं. लेहसारख्या उंच गावात हवेचा दाब कमी म्हणून पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. पंपाने दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे व्हॅक्युम मोजायचं एकक) खाली आणला तर पाणी उणे २५ अंशांच्या आसपासही उकळतं. नळीच्या भिंतीला चिकटलेला ओलावासुद्धा टिकत नाही. मापकावर तो आकडा दिसला की पंप बंद करून थोडा वेळ थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर सांधे घट्ट आहेत याचाही पुरावा मिळतो. घरगुती लांबीच्या पाइपला या सगळ्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो.

हाच अर्धा तास वाचवला जातो. पंप जड, तो मोटारसायकलवर आणायचा कोणी? मग व्हॉल्व्ह जरासा उघडून आउटडोअरमधलाच थोडा गॅस पाइपमध्ये सोडतात, दुसऱ्या टोकाचा नट ढिला ठेवून ‘फुस्स’ आवाज येऊ देतात, आणि हवा निघाली असं मानतात. गिऱ्हाईक तो आवाज ऐकून समाधान पावतं. हवा थोडी निघते, सगळी नाही. ओलावा तर राहतोच. आजच्या एसींतलं तेल पाणी शोषून घेतं आणि त्याच्याशी संयोग पावून आम्ल बनवतं; ते आम्ल कॉम्प्रेसरच्या मोटरच्या वायंडिंगवरचं आवरण खात राहतं. अडकलेली हवा बाहेरच्या कॉइलमध्ये साठून दाब वाढवते, कॉम्प्रेसरला जास्त ताण पडतो, बिल वाढतं. पाच स्टारसाठी मोजलेले जादा पैसे असे अर्ध्या तासाच्या कंजुषीत वाहून जातात. आणि घर दर वर्षी थोडं कमी गार होत जातं; दोष कंपनीला दिला जातो.

‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ महाराष्ट्रातल्या शहरांत दर मार्च-एप्रिलमध्ये हजारो घरांत हे वाक्य ऐकू येतं आणि घरमालक निमूट पैसे देतो. या वाक्याविरुद्ध प्रत्येकाने उभं राहिलं पाहिजे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. जुन्या विहिरीवरचा रहाट आठवावा. गाडगी खाली जातात, पाणी घेऊन वर येतात, ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. एसीतला वायू त्या गाडग्यांसारखा आहे. आतल्या खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर ओतायची आणि परत यायचं. गाडगी कमी झाली असतील तर ती कुठेतरी फुटली आहेत. गळती शोधून सांधा दुरुस्त न करता नुसता गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करणं. साबणाच्या पाण्याने किंवा कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गळती सापडते. त्यासाठी वेळ लागतो, इतकंच.

भरतानाही किती भरला, हे वजन करून कळायला हवं. आउटडोअरच्या पाटीवर गॅसचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, आणि पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा वाढला तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे हेही पुस्तिकेत असतं. घरगुती एसीला तो आकडा साधारण १५ ते २० ग्रॅमचा. वजनकाट्याशिवाय हे जमणारच नाही. पण घरोघरी काम चालतं ते गेजच्या काट्यावर आणि पाइपला हात लावून. किराणा दुकानात पन्नास ग्रॅम वेलदोडे काट्यावर मोजून घेणारी माणसं हजारो रुपयांचा गॅस बिनमोजता भरून घेतात.

हा गॅस हवेत गेला तर जातं काय? दीड टनाच्या एसीत समजा ८०० ग्रॅम आर-३२ आहे. पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. म्हणजे तो सगळा गळाला तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. साधारण २३५ लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्यात दहा हजार किलोमीटरांच्या पुढे जाईल. त्याआधीचा आर-४१०ए आणखी जाचक, २,०८८ पट. आणि आर-२२ तर ओझोनचाही शत्रू. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगाने ज्या रसायनांना निरोप द्यायचं ठरवलं त्यांतला. गोदरेजने २०१२ मध्ये भारतात प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी आणले. त्याची तापवण्याची ताकद नगण्य, पण तो ज्वालाग्राही. म्हणजे बसवणाऱ्याच्या हाताला आणखी शिस्त हवी. गॅस जितका पर्यावरणाला सौम्य होत जातो, तितकं बसवण्याचं काम कडक होत जातं, हे नीट लक्षात घ्यायला हवं.

आर-३२ सुद्धा सौम्य ज्वालाग्राही गटात मोडतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत ८०० ग्रॅम वायू सगळा पसरला तरी त्याचं प्रमाण पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याइतकंच राहतं. धोका असतो तो काम करताना. पाइपमध्ये गॅस असताना झाळकामाची ज्योत लावली तर आगीबरोबर विषारी आम्लवायू तयार होतो. एसी एका घरातून दुसरीकडे हलवताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतात, त्याला पंपडाऊन म्हणतात. तेव्हा कॉम्प्रेसर चालू असतानाच पाइप सोडला तर हवा आत ओढली जाते, तेलाच्या वाफेबरोबर दाबली जाते आणि डिझेल इंजिनात होतं तसा भडका उडून कॉम्प्रेसर फुटू शकतो. गळती तपासायला नायट्रोजनऐवजी हाताशी असलेला ऑक्सिजन वापरणं तर सरळ मरण ओढवून घेणं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोटाला ठिणगीही लागत नाही. हे नियम पाठ असलेला कारागीर घरात काम करतोय की नसलेला, हे दाराशी उभ्या माणसाला कळायचा आज कोणताही मार्ग नाही.

भारत या बाबतीत झोपलेला आहे, असं म्हणता येणार नाही. मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला देशाने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आर-३२ आणि आर-४१०ए ज्या कुळातले आहेत, त्या एचएफसी वायूंचा वापर आपल्याला २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. देशाची गारव्याची एकूण गरज २०३७-३८ पर्यंत आठपट होईल असा अंदाज त्यात आहे, आणि २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्टही. दिशा बरोबर आहे. पण प्रमाणपत्र मिळवलेल्या कारागिराला बाजारात त्याचा उपयोग काय? प्रमाणपत्रवाला आणि बिनप्रमाणपत्रवाला, दोघांनाही एका एसीमागे तेवढेच पैसे. उलट नियमाने काम करणारा दिवसात एक-दोन घरं कमी करतो आणि घरी कमी पैसे नेतो. जी व्यवस्था नीट काम करणाऱ्याला दंड करते, तिथे प्रशिक्षण टिकत नाही.

त्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला पूर्वी उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तासांच्या पडद्यांचे कूलर. कोरड्या हवेत ते उत्तम चालतात. आता तिथेही एसीची रीघ लागली आहे. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले. अशा दिवसांतच एसी बसवण्याची घाई असते आणि ज्या गच्चीवर आउटडोअर ठेवायचं, तिचा स्लॅब पाय भाजत असतो. मुंबई-ठाण्यात ऊन जरा कमी, पण उंची आहे. बाराव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर निघून हातभर रुंद छज्ज्यावर उभं राहायचं, कमरेला दोर असेल तर असेल, आणि पंचवीस-तीस किलोचं यंत्र लोखंडी स्टँडवर चढवायचं. घरातून कोणीतरी त्याचा शर्ट धरून ठेवतं. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि पाहून नजर वळवलेली आहे.

तो स्टँड नीट बसला नाही तर संकट रस्त्यावरच्या माणसावरही येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरून पडलेल्या एसीच्या आउटडोअरखाली सापडून खाली असलेला एक तरुण मृत्युमुखी पडला. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे स्टँड आणि बोल्ट काही पावसाळ्यांत पोखरले जातात. मुंबईतल्या दाट वस्तीत अशी किती यंत्रं लोकांच्या डोक्यावर टांगलेली आहेत, त्यांचे बोल्ट शेवटचे कोणी तपासले, याची नोंद कुठल्याही सोसायटीच्या दप्तरात सहसा नसते. गॅलरीच्या बाहेर लटकलेली कुंडी दिसली तर हरकत घेणारे सभासद तीस किलोच्या यंत्राबद्दल गप्प असतात.

इमारती बांधणारेही यातून सुटत नाहीत. आज ज्या घरात तीन खोल्यांना तीन एसी लागणार हे बिल्डरला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्या घरात आउटडोअरला उभं राहायला सुरक्षित जागा, तिथवर माणसाला पोचायची वाट आणि पाणी वाहून नेणारी नळी या तीन गोष्टी नकाशावरच हव्यात. बरेच बिल्डर आता तांब्याचे पाइप भिंतीत आधीच गाडून देतात. ते दिसायला नीटनेटकं, पण प्लास्टरच्या महिन्यांत त्या पाइपची तोंडं उघडी राहिली तर सिमेंटची धूळ आणि ओल आत जाऊन बसते. सांधा भिंतीतच गळाला तर तो कोणालाच सापडत नाही. खाडी आणि उघडे नाले यांच्या शेजारी तर आणखी एक त्रास. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करतो आणि बारीक भोकं पाडतो. अशा वस्तीत बसवणाऱ्याने कॉइलवर संरक्षक लेप असलेलं यंत्र सुचवायला हवं. पण ते सुचवायला त्याला आधी ते ठाऊक हवं.

लहानसहान गोष्टींनाही तितकंच महत्त्व आहे. भिंतीतलं भोक किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, नाहीतर पहिल्याच वळवात पाणी आत येतं. दमट दिवशी एसी तासाला लिटरभर पाणी गाळतो. ड्रेन पाइपला सलग उतार नसेल तर ते पलंगावर टपकतं. घरगुती स्प्लिटमध्ये जाड आणि बारीक असे दोन्ही पाइप गार असतात, म्हणून दोघांना वेगवेगळं रबरी आवरण हवं. दोन्ही एकाच आवरणात कोंबले की गारवा वाटेतच वाया जातो. स्वतंत्र एमसीबी, १६ अँपियरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग, याला पर्याय नाही.

परवान्याची मागणी काही जगावेगळी नाही. घरात विजेचं वायरिंग करायचं तर महाराष्ट्रात परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, वायरमनला परवाना लागतो. त्याच वायरिंगवर चालणारं, ३०० पीएसआय दाबाचा वायू बाळगणारं, तीस किलोचं यंत्र इमारतीबाहेर टांगायला मात्र काहीच लागत नाही. अमेरिकेत एसीतला गॅस हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला पर्यावरण विभागाच्या नियमानुसार परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तिथे हा गॅस जाणूनबुजून हवेत सोडणं ओझोननाशक वायूंच्या बाबतीत १९९२ पासून बेकायदा आहे. युरोपीय संघात प्रमाणपत्र सक्तीचं आहे, ऑस्ट्रेलियात परवाना. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नेहमीचं आहे. भारतात आल्यावर तीच माणसं ‘फुस्स’ आवाजावर समाधान मानतात.

परवाना आला तर गरीब पोरांची रोजी जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो मनापासूनचा असतो आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. या कामात उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आणि आपल्या खेड्यांतून शहरात आलेले असंख्य तरुण आहेत. बरेच जण उस्तादाच्या हाताखाली शिकले, कागद त्यांच्याकडे नाही. त्यांना बाजूला करणं अन्याय होईल. म्हणून परवाना परीक्षेपुरता नको. आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन छोटं प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिक चाचणी, अशी सोय कौशल्य विकास योजनांत आहेच. राज्यातल्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, तिथे शिक्षक आहेत, कार्यशाळा आहेत. दिवाळीनंतर एसीचा हंगाम थंड पडतो. त्या दोन महिन्यांत या कार्यशाळा कामावर असलेल्या कारागिरांसाठी खुल्या कराव्यात, आठवडाभराचं प्रशिक्षण मोफत द्यावं, बुडालेल्या रोजीचा भत्ता द्यावा आणि शेवटी फ्लेअर, व्हॅक्युम, वजनाने गॅस भरणं आणि उंचीवरची सुरक्षा या चार गोष्टी करून दाखवायला लावाव्यात. ज्याला जमलं त्याला फोटोसह परवाना. परवान्यामुळे त्या तरुणाची रोजी जाणार नाही. उलट ‘एसीवाला’ या नावाखाली दडलेल्या कारागिराला पहिल्यांदा त्याचं नाव मिळेल.

कंपन्यांचं काम वेगळं आहे. बसवण्याची मजुरी नगावर न देता लागलेल्या वेळानुसार द्यावी, म्हणजे अर्धा तास पंप लावणाऱ्याचं नुकसान होणार नाही. बसवण्याचा खर्च एसीच्या किमतीतच धरावा, म्हणजे घरमालक तिथे काटकसर करणार नाही. पाइपची लांबी, मापकावरचा व्हॅक्युमचा आकडा, गॅसचं वजन आणि कारागिराचा परवाना क्रमांक असलेली पावती प्रत्येक घराला मिळावी. आणि कॉम्प्रेसरवर दहा-दहा वर्षांची हमी देणाऱ्या कंपन्यांनी त्या चार सांध्यांवर किमान पाच वर्षांची हमी द्यावी. सांध्याची हमी द्यायची वेळ आली की टॉर्क पाने, पंप आणि सुरक्षा पट्टे प्रत्येक पिशवीत आपोआप दिसू लागतील. भारतात आता वर्षाला एक कोटीहून अधिक घरगुती एसी विकले जातात. प्रत्येकाला चार सांधे धरले तर दर वर्षी चार कोटींहून अधिक सांधे भिंतींवर जुळतात, आणि त्यांचा जिम्मा आज कोणाच्याच नावावर नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर घरमालकाच्या हातात बरंच आहे. या उन्हाळ्यात ते दोन तरुण दाराशी आले की त्यांना पाणी द्या, पंख्याखाली दोन मिनिटं बसू द्या आणि मग विचारा: व्हॅक्युम पंप आणलाय का? वजनकाटा आहे का? बाहेर उतरताना बांधायचा सुरक्षा पट्टा आहे का? पट्टा नसेल तर त्यांना छज्ज्यावर उतरू देऊ नका. काम दुसऱ्या दिवशी झालं तरी चालेल. पंप नसेल तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडू देऊ नका. असेल तर घाई करू नका, तो अर्धा तास चालू द्या. त्या जादा वेळाचे पैसे कुरकुर न करता द्या, आणि काम होईपर्यंत त्याच खोलीत थांबा.